जुन्या पुलांच्या भेटीला

विक्रोळीकरांना पुलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रेल्वेरुळांनी दुभागलेल्या आपल्या उपनगराचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर 2025 च्या जूनमध्ये वाहतुकीस खुला झाला आणि लांबच्या वळशात जाणारा व्यापाऱ्यांचा रोजचा वेळ व इंधन वाचू लागले. नवा पूल झाला की त्याची चर्चा घरोघरी होते. शंभर-दीडशे वर्षे मुकाट्याने ओझे वाहणाऱ्या जुन्या पुलांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांच्यावरून आपण जातो, पण त्यांना पाहत नाही. कारण पूल पाहायचा तर त्याच्यावरून उतरून नदीकाठी जावे लागते.

बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक नदीकाठच्या गावी राहण्याचा योग आला. निवृत्तीनंतर पत्नीसह त्यांपैकी काही गावी पुन्हा गेलो, तो केवळ तेथील पूल पाहण्यासाठी. आमच्या समाजात प्रवास म्हटला की तीर्थयात्रा, लग्नकार्य किंवा व्यापार ही तीनच कारणे असतात. या तिन्हींच्या वाटेवरच हे पूल आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी सहल काढण्याचीही गरज नाही. येथे दिलेला मार्ग मुंबईहून निघून पुणे, सांगली, कोल्हापूर करीत कोकणातून परत येणारा आहे. चार-पाच दिवसांत तो सावकाश पुरा होतो.

घराजवळून सुरुवात

सुरुवात अगदी आपल्या दारातून करता येते. विक्रोळीहून कल्याणकडे जाणारी धीमी लोकल ठाणे सोडून कळव्याकडे निघाली की खाडी ओलांडते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी धावली हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तो मार्ग 1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत वाढला तो या खाडीवर पूल बांधला गेल्यामुळेच. भारतातील पहिला रेल्वेपूल म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. या ओलांडणीतूनच पुढे घाटांची वाट मोकळी झाली आणि देशावरचा कापूस मुंबईच्या बंदरात आगगाडीने येऊ लागला.

दुसरी जागा माहीमची. मिठी नदीच्या मुखाशी माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा सेतुमार्ग 1845 साली खुला झाला. त्यापूर्वी लोक होड्यांतून खाडी ओलांडत आणि पावसाळ्यात होड्या बुडून माणसे दगावत. सरकार खर्चास तयार नव्हते. तेव्हा प्रसिद्ध व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले. त्यांनी अट एकच घातली, ती अशी की या मार्गावर कोणाकडूनही पथकर घेऊ नये. माहीममधील लेडी जमशेटजी मार्ग हे नाव त्यांचेच. आज वाहनांच्या गर्दीत तेथे थांबून पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. तरीही त्या वाटेने जाताना मुलांना ही हकिकत अवश्य सांगावी. एका व्यापारी घरातील स्त्रीने दिलेल्या रकमेवर मुंबई पावणेदोनशे वर्षे चालत आहे आणि त्या रकमेचे व्याज कोणी मोजलेले नाही.

पुणे: लाकूड गेले, नाव राहिले

पुण्यात डेक्कन आणि अलका टॉकीजचा चौक यांना जोडणाऱ्या पुलाला लोक आजही लकडी पूल म्हणतात. त्यात लाकडाची एक फळीही नाही आणि त्याचे अधिकृत नावही छत्रपती संभाजी महाराज पूल असे आहे. परंतु 1761 च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाल्यानंतर नानासाहेब पेशव्यांनी मुठेवर घाईने लाकडी पूल उभारविला, ही आठवण पुण्याने नावात जपून ठेवली आहे. लाकडी पूल पुढे नष्ट झाला आणि त्याच्या जागी दगडी पूल आला. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा या नदीने शहराचे जे रूप केले त्याच्या आठवणी जुन्या पुणेकरांकडून ऐकाव्यात. पुलाजवळ उभे राहिले की दोनशे वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन संकटे एकाच जागी आठवतात.

सौंदर्याच्या दृष्टीने मात्र पुण्यातील पहिला मान बंडगार्डन येथील फिट्झगेराल्ड पुलाला द्यावा लागेल. मुळा-मुठेच्या एकत्रित पात्रावरील हा दगडी कमानींचा पूल 1869 साली पुरा झाला. रॉयल इंजिनियर्समधील कॅप्टन सेलन यांनी तो बांधला आणि तत्कालीन गव्हर्नरांचे नाव त्याला मिळाले. पुलाच्या टोकांशी असलेल्या सिंहाच्या प्रतिमांपाशी मुले हमखास रेंगाळतात. शेजारचा बांध पुण्याला पाणी मिळावे म्हणून बांधला गेला आणि त्यासाठीही जमशेटजी जीजीभॉय यांचेच साहाय्य होते. म्हणजे माहीमला पत्नीचा पैसा आणि पुण्याला पतीचा.

कमानीचा पूल उभा कसा राहतो, हे समजून घेण्यास ही जागा उत्तम आहे. कमानीतील प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद, असा घडविलेला असतो. वरून भार पडला की दगड खाली निसटण्याऐवजी शेजारच्या दगडावर दाबला जातो. तो पुढच्यावर, असे करीत सगळा भार कमानीच्या दोन्ही पायांतून खांबात आणि खांबातून जमिनीत उतरतो. काम चालू असताना कमानीखाली लाकडी साचा ठेवतात. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला की साचा काढून घेतात आणि कमान स्वतःच्याच वजनाने घट्ट होते. घाणीत मळलेला चुना सांधे भरून काढतो. भार मात्र दगडच वाहतात. खांबाचे नदीच्या वरच्या अंगाचे टोक निमुळते केलेले असते, ते पुराचे पाणी दोन्ही बाजूंना कापले जावे म्हणून. हे एकदा कळले की कोणताही जुना पूल आपल्याशी बोलू लागतो.

शेजारी नवे पूल झाल्यावर या पुलाच्या अंगावरचे बरेच ओझे उतरले. सकाळी सूर्य नुकताच वर आलेला असताना काठावरून त्याच्याकडे पाहावे. कमानींची पाण्यातील प्रतिबिंबे मिळून पुरी वर्तुळे दिसतात.

सांगली: पुलावरची मोजपट्टी

पुढचा मुक्काम सांगलीचा. मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेसने दादर किंवा कल्याणहून रात्री निघाले की सकाळी सांगलीस पोहोचता येते. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री जाणारे आपले अनेक वाचक या मार्गाने जातातच. त्यांनी सांगलीत अर्धा दिवस राखून ठेवावा.

कृष्णेवरील आयर्विन पूल 1929 साली, राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धन यांच्या काळात, सांगली संस्थानने उभारला. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला दिले गेले. स्वातंत्र्यानंतर कित्येक नावे बदलली, पण सांगलीकरांच्या तोंडी हे नाव टिकले. त्यामागे परकीय व्हाइसरॉयविषयीच्या प्रेमाचा काही भाग नाही. कारण असे की हा पूल सांगलीची पूरमोजणी आहे. पावसाळ्यात कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजली जाते. 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे तेथील पोरासोरांनाही पाठ असते.

माझी तेथे बदली झाली त्या पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. मुंबईत व्यापारी सकाळी भाव विचारतात, सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये हळदीचे अडते प्रथम विचारीत, "आयर्विनला पाणी किती?" उत्तर 30 फूट आले तर चहा येई आणि सौद्यांची बोलणी सुरू होत. 38 म्हटले की चहा तसाच राही आणि हमालांना निरोप जाई.

या प्रश्नामागे लाखो रुपयांची हळद असे. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपूर येथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठविण्याची जुनी पद्धत होती. तोंड अरुंद, पोट मोठे, आत हवा आणि ओल जवळजवळ नाही, अशा पेवात हळद कीड न लागता टिके. व्यापारी त्या साठ्यावर कर्ज घेत आणि आम्ही अधिकारी पेवाच्या बंद तोंडापाशी उभे राहून जमिनीखालच्या मालाची तपासणी केल्याची नोंद करीत असू. 2005 च्या महापुराने या पेवांचे अपरिमित नुकसान केले आणि ती पद्धत मोडकळीस आली. पुढे 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले, बाजारपेठ बुडाली आणि किती दुकानांतील चोपड्यांचा लगदा झाला याला गणती नाही. त्या दिवसांत राज्यभरच्या बातम्यांत एकाच पुलाचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जात होते. शहर पाण्याखाली असताना लोकांना भरवशाचा आकडा सांगत होता तो हा पूल.

आता शेजारी समांतर पूल झाला आहे. घाटावर उतरून दोन्ही पूल एकत्र पाहावेत. नवा सरळ आणि कामापुरता. जुना कमानींवर कमानी टाकत नदी ओलांडणारा. सायंकाळी गणपती मंदिराचे दर्शन घेऊन हरिपूरच्या संगमापर्यंत जावे. या नदीने सांगलीला काय दिले आणि काय नेले, हे तेथे समजते.

कोल्हापूर: व्यापाराच्या जुन्या वाटेवर

कोल्हापुरात पंचगंगेवरील शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधला गेला. काळ्या दगडाच्या भक्कम कमानी, खाली घाट, घाटावरची दगडी देवळे आणि दीपमाळा असे हे दृश्य आहे. पूर ओसरल्यानंतर, दिवाळीच्या आसपास, नदी शांत असताना ते विशेष शोभते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची मिळून ही पंचगंगा होते.

पुलालगतच्या ब्रह्मपुरी टेकडीकडे व्यापारी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. 1940 च्या दशकात तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. येथेच पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती सापडली असून ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पलीकडे, भूमध्य समुद्राकडील देव कसा आला? व्यापाराने आणला. कोकणातील बंदरे आणि घाटमाथ्यावरच्या बाजारपेठा यांच्यातील देवघेव पूल होण्याच्या कितीतरी शतके आधीपासून चालू होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुलाने त्याच जुन्या वाटेवर दगड रचले.

याच टेकडीच्या संरक्षित दर्जामुळे समांतर पुलाचे काम काही वर्षे अडले होते. एकीकडे प्राचीन अवशेषांचे रक्षण आणि दुसरीकडे जिवंत माणसांची सुरक्षितता, असा तो पेच होता. 26 जानेवारी 2018 च्या रात्री एक मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि 13 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर हालचालींना वेग आला आणि नवा पूल पुरा झाला. बैलगाड्यांच्या काळातील रुंदी आणि कठडे आजच्या वेगाला पुरणार नाहीत, हे सांगण्यास तेरा जणांचे प्राण जावे लागले.

महाड: जो पूल आता नाही

कोल्हापूरहून पंचगंगा ओलांडून रत्नागिरीच्या दिशेने आंबा घाट उतरावा आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागावे. परतीच्या वाटेवर महाडजवळ सावित्री नदी येते. येथे थांबायचे ते एका नसलेल्या पुलासाठी.

सावित्रीवरील दगडी कमानींचा पूल 1928 सालचा, म्हणजे आयर्विनचा जवळजवळ समवयस्क. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुसळधार पावसात, नदीला महापूर आला असताना तो कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह अंधारात नदीत गेली. बोरिवली हे नाव आपल्या उपनगरांतील प्रत्येक घराला किती जवळचे आहे! सुट्टी संपवून परतणारी ती आपल्याच शेजारपाजारची माणसे होती. समोरच्या वाहनांचे दिवे एकाएकी नाहीसे होताना पाहून जवळच्या एका कामगाराने रस्त्यावर धावत जाऊन मागची वाहने थांबविली, म्हणून आणखी अनेक जण वाचले.

त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारकडून नंतर सांगण्यात आले. शाखा तपासणीत सगळे रकाने भरलेले असावेत आणि तिजोरी उघडून कोणी पाहिलीच नसावी, असे प्रकार आमच्या व्यवसायातही ऐकिवात असतात. दगडी पुलाचा धोका बहुधा वरून दिसत नाही. पूर खांबाच्या पायाखालची माती आणि वाळू हळूहळू खरवडून नेतो. नदीतून वाळू उपसली तर ते काम आणखी लवकर होते. सांध्यांत रुजलेले पिंपळाचे रोप चुना फोडून मुळे आत घालते. कमान मात्र वरून तशीच डौलदार दिसत राहते.

नवा पूल 165 दिवसांत बांधून 2017 च्या जूनमध्ये खुला करण्यात आला. कामाचा हा वेग कौतुकास्पद आहे. परंतु पैसा, यंत्रे आणि इच्छाशक्ती पाच-सहा महिन्यांत एकत्र येऊ शकतात, तर ती दुर्घटनेच्या आधी का येऊ नयेत, हा प्रश्न सावित्रीच्या काठी उभे राहिले की पाठ सोडत नाही.

घसारा कोण धरणार?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवितात की यंत्र, इमारत, गाडी यांची दरवर्षी थोडी थोडी झीज होते आणि तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढावी लागते. घसारा न धरता काढलेला नफा खरा नसतो. ते मुद्दल खाणे असते. आपल्या पेढीत कोणीही जाणता व्यापारी असे करणार नाही. पण पूर्वजांनी ठेवून गेलेल्या या पुलांच्या बाबतीत समाज म्हणून आपण बरीच वर्षे हेच करीत आलो आहोत. त्यांचा वापर रोज करतो, त्यांच्या झिजेची तरतूद कोणत्याच वहीत करीत नाही आणि एक दिवस मुद्दलच बुडते.

पूल म्हातारा झाला म्हणजे तो पाडावाच, असेही नाही. प्राग शहरात व्ल्तावा नदीवरील चार्ल्स पुलाचा पाया 1357 साली घातला गेला. आज त्यावरून फक्त पादचारी जातात आणि जगभरचे प्रवासी तो पाहण्यासाठी येतात. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मुंबईहून गुजरातकडे जाताना भरूचला नर्मदेवरील 1881 सालचा गोल्डन ब्रिज दिसतो. शेजारी 2021 मध्ये नर्मदा मैया पूल झाल्यावर त्या वृद्ध लोखंडी पुलाला वाहनांच्या भारातून मुक्तता मिळाली. माणसाला साठीनंतर निवृत्ती मिळते. त्याच्यावरचा कामाचा भार उतरतो, पण घरातील त्याची जागा जात नाही. जुन्या पुलांनाही हाच न्याय लावावा. अवजड वाहतूक नव्या पुलाकडे द्यावी, जुना पूल पादचाऱ्यांसाठी राखावा, त्याच्या पायांची पाण्याखाली नियमित तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांना पाहता यावा. आयर्विन आणि शिवाजी पुलाशेजारी नवे पूल उभे राहिल्यामुळे तेथे ही संधी आज आहे. ती घालवली, तर दुर्लक्षित पूल आपोआप पडका होईल आणि मग तो पाडण्याखेरीज मार्ग उरणार नाही.

व्यापारी कुटुंबांना यात पुष्कळ करता येण्याजोगे आहे. गावोगावच्या बाजारपेठा या पुलांवरच वाढल्या. स्थानिक व्यापारी संघटनांनी दर पावसाळ्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी विचारणा करावी की आमच्या पुलाची तपासणी केव्हा झाली आणि तीत काय आढळले. कमानीत झाड उगवलेले दिसले तर छायाचित्रासह कळवावे. पुलाचा इतिहास सांगणारा एक साधा फलक, घाटाची स्वच्छता, रात्रीचे दिवे, इतका खर्च कोणत्याही संघटनेला जड नाही. आवाबाईंनी तर मार्गासाठी केवढी मोठी रक्कम दिली होती.

प्रवासास निघणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पाणी निवळलेले असते आणि घाटांवर उतरता येते. पुराच्या दिवसांत पूल पाहण्यासाठी मुळीच जाऊ नये. वाहत्या रस्त्याच्या पुलावर गाडी उभी करू नये. गाडी लांब ठेवून काठाने चालत जावे. मुलांना कमानी मोजायला सांगाव्यात, खांबांवरची पुराच्या पाण्याची खूण शोधायला लावावी. बांधकामाचे साल कोरलेला दगड सापडला, तर त्याच्यापुढे आजचे वर्ष लिहून वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. येणारे उत्तर म्हणजे त्या पुलाची सेवा. मग बिनव्याजी आणि बिनतक्रार झालेल्या या सेवेची परतफेड आपण कोणत्या खात्यातून करणार आहोत, एवढे त्यांच्याशी बोलावे. पुढच्या पन्नास वर्षांचा घसारा त्यांनाच धरायचा आहे.